कायदा होता, आकडे नव्हते

पूर्व जर्मनीत पर्यावरणाचा कायदाच नव्हता, असे कोणी समजू नये. १९७० साली तेथे व्यापक कायदा झाला. १९७२ मध्ये स्वतंत्र मंत्रालयही आले. परंतु कारखाना शासनाचा आणि त्यास दंड करणारेही शासनच. रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात जाई, एवढेच. वीज मुख्यतः तपकिरी कोळशावर निघे; ती घटविणार कोण? अखेर नोव्हेंबर १९८२ मध्ये मंत्रिमंडळाने प्रदूषणाचे आकडेच गोपनीय ठरविले. मला हे सर्वांत विलक्षण वाटते. बिटरफेल्डच्या रहिवाशाला खिडकीवरची काजळी दिसे. हवेत गंधकाचा वायू किती, हे विचारण्याची मात्र सोय उरली नाही. १९८८ मध्ये काहींनी तेथे चोरून चित्रण केले. ते पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर दाखविले गेले, आणि पूर्वेकडील घरांतूनही पाहिले गेले.