हमालाची वाढ आणि फिटरचा राग

नागापूरच्या कारखान्यांतला फिटर आम्हांस म्हणतो, "हमालाला सरकारने वर चढविले, आमच्या हुन्नराची किंमत गेली." त्याचा राग अगदीच खोटा नाही. हिशेब पाहा. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली आपल्या राज्यात बहुतेक धंद्यांत कुशल, अर्धकुशल व अकुशल असे मूळ दर ठरत आले. त्यावर जानेवारी व जुलैत महागाईचा विशेष भत्ता ठरे, तो तिघांस सारखाच. समजा, मूळ दर अकुशलास 5000 व कुशलास 5800. भत्ता 5000 झाला की 10000 व 10800. अंतर 800 चेच. पण शेकडा 16 चे 8 झाले!

तरी बाबांनो, ज्वारी दोघांस एकाच भावाने मिळते. हमालाचे वाढले ते फिटरच्या ताटातून गेले काय? ह्याहून कमी देऊ नये इतकेच कायदा सांगतो. जास्त देणाऱ्या मालकाचा हात कोणी धरला नाही. भांडण तिकडे न्या.

आणि बिनहुन्नरी कोणास म्हणावे? राहुरीकडे कांदा लावणाऱ्या बाईस लोक तसेच समजतात. आम्ही एकदा तिच्या शेजारी वाफ्यात बसलो होतो. दुपारपर्यंत आमची एक ओळ धड लागली नाही.