थंडीतला एक रविवार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज इथे बोलायला उभे केले याचे माझे मलाच नवल वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर बोलले ती घरात, नाही तर शेताच्या बांधावर. विषयही कोणी दिला नाही, तेव्हा गेले काही दिवस मनाला जे लागून राहिले आहे तेच सांगते. चुकले तर पदरात घ्यावे.

माझी थोरली मुलगी जर्मनीत शिकते हे आपल्याला ठाऊक आहे. काय शिकते ते मात्र मला विचारू नका. तिने दोनदा समजावले आणि दोन्ही वेळा मी नुसती मान डोलावली. डिसेंबरातल्या एका रविवारी तिचा फोन आला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तिकडे दुपारचे तीन. थंडीत आपले घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढे असते. तिकडे रविवारी दुकाने बंद असतात, आणि या दिवसांत चारच्या सुमाराला अंधारून येते. बाहेर बर्फ पडत होता. "आई, कसलाच आवाज नाही गं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आपल्या खळ्यावर उडवी रचली का?"

झाले! मग काय विचारता! भात कापल्यावर उडवीमागे लपायचे, पेंढ्याने अंग खाजले की रडत यायचे, पहाटे धरणावरून धुके चढून आले की समोरचे घर दिसेनासे व्हायचे, शेकोटीत पावट्याच्या शेंगा टाकायच्या आणि बोटे भाजून घ्यायची, सारे तिने एकामागून एक काढले. आंबेमोहोराचा भात शिजला की वास ओटीपर्यंत येतो, तो म्हणे तिला तिथे भर वर्गात आला. आजेसासूबाईंचीही आठवण निघाली. त्यांचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेले. 1921 साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. म्हातारी पाण्याकडे बोट करून पोरांना सांगायची, "तिथं आमचं अंगण." पोरे पाण्यात अंगण शोधत बसायची.

मी ऐकत होते, हसत होते. आणि त्याच सुरात ती म्हणाली, "आणि आई, मी आठवीत असताना तू माझं पुस्तक माळ्यावर टाकलं होतंस, आठवतं?"

भगिनींनो, मला आठवत नव्हते. तिने सांगितले तेव्हा हळूहळू आठवले. झोडणी चालली होती, अवेळी आभाळ भरून आले होते. भारे भिजले असते तर वर्षाचा तांदूळ गेला असता. हिची परीक्षा होती. मी म्हटले, "परीक्षा पुन्हा येईल, भात पुन्हा येणार आहे का?" आणि तीन दिवस तिला घरी ठेवले. ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन रडत बसली, तेव्हा ते हातातून ओढून माळ्यावर टाकले. ती रागाने बोलली नाही, शेंगांची आठवण सांगावी तशीच सांगत होती. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

नेमके त्याच सुमारास मी डॉक्टर आनंदीबाई जोशींविषयीचे पुस्तक वाचत होते. लहानपणी धड्यात वाचले होते तेव्हा एवढेच कळले होते की, बाई परदेशी जाऊन डॉक्टर झाली. आता आईच्या डोळ्यांनी वाचले. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते दहा दिवसांत गेले. 7 एप्रिल 1883 रोजी ती कलकत्त्याहून बोटीवर चढली, तेव्हा वय अठरा. जूनमध्ये अमेरिकेला पोहोचली. तिथे कार्पेंटर नावाच्या बाईंनी तिला घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले, आणि मग ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेली. तिथली थंडी आपल्या नऊवारीला कुठली सोसते! पुढे तिने पाय झाकतील अशा गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. हे वाचून मला पदवीपेक्षाही तिची काळजी वाटली. पाय गारठले तेव्हा तिला जवळ घेणारे घरचे कोण होते?

तिथून तिने नवऱ्याला, गोपाळरावांना, एक पत्र लिहिले. त्यात लहानपणीची आठवण आहे, पण ती काही शेंगा-शेकोटीची नाही. दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडाने मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकलीत, असे तिने स्वच्छ लिहिले. आणि ज्याने मारले त्यानेच शिकवलेही. तो नसता तर ती तिथे गेलीच नसती, हेही ती जाणून होती. मी पुस्तक मिटून बसले. गोपाळराव अभ्यासासाठी मारत होते आणि मी अभ्यास बंद करून भाऱ्यांना जुंपत होते. माझी बाजू त्यांच्यापेक्षा बरी म्हणावी की वाईट, मला ठरवता येईना. भात घरात आला होता एवढे खरे.

11 मार्च 1886 रोजी ती डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाईही हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात जागाही मिळाली होती, पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ती परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेली. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परकी बाई, पण शेवटी तिनेच जागा दिली.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी धीर करून विचारले, "बाळ, पुस्तकाचा राग आहे का गं मनात?" ती जरा गप्प राहिली. म्हणाली, "राग नाही. पण आठवतं. आणि रात्री तूच ते खाली काढून माझ्या उशाशी ठेवलंस, तेही आठवतं." हे मात्र मला अजूनही आठवत नाही. खरेच तसे झाले की मला बरे वाटावे म्हणून ती बोलली, देव जाणे. मी खोदून विचारले नाही.

मग म्हणाली, "आई, सर्दी झालीय. मऊ भात केला, पण मेतकूट संपलं." धाकटी तालुक्याहून सात वाजता येते, यंदा तीही आठवीत आहे. तिला जात्यावरचे मेतकूट जमत नाही, म्हणून मीच दळून ठेवले आहे. आपल्यापैकी कोणाचा भाऊ-भाचा तिकडे जाणार असेल तर कृपा करून मला सांगावे. पुडी लहानच आहे, ओझे होणार नाही.