गढ्याची सून



आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मंडल्याकडे राणी दुर्गावतीच्या विवाहाची कथा मोठी रंगवून सांगतात. चंदेल राजकन्येचे मन गोंड राजपुत्र दलपतशहावर जडले आणि त्याने तिला तलवारीच्या बळावर जिंकून नेले! अबुल फजलाने 'अकबरनाम्या'त मात्र निव्वळ व्यवहार नोंदविला आहे: चंदेलांचे कूळ उंच, पण दिवस पडते, म्हणून राजाने गढ्याच्या धनाढ्य घराण्यात कन्या दिली. हा लेखक शत्रुपक्षाचा; गोंडांविषयीचा त्याचा तुच्छभाव वजा करूनच ते वाचावे. तरीही मला हीच हकीकत अधिक संभवनीय वाटते, आणि तीत राणीला काडीचाही कमीपणा नाही. सोयीने जुळलेले ते घर तिने आपले मानले. पती अकाली निवर्तला, पुत्र वीरनारायण अज्ञान. तिने माहेरची वाट धरली नाही, राज्याची सूत्रे हाती घेतली. ती उत्तम नेमबाज होती, वाघाची शिकार करीत असे, हेही अबुल फजलच सांगतो.

१५६४ च्या जून महिन्यात आसफखानाशी लढताना तिला दोन बाण लागले. विश्वासू अधारने तिला रणातून सुखरूप बाहेर नेण्याची तयारी दाखविली. तिने कट्यार उपसली.