ऑपरेशन झाले, पुढे काय?



मी डॉक्टर नाही. जन्मभर शाळामास्तर. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीच आज सांगतो.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन गाद्या असतात. दोन्ही चंद्रकोरीसारख्या. चालताना अंगाचा भार त्या झेलतात. बांधावरून उतरताना माझा पाय चिखलात रुतला आणि अंग तसेच फिरले. एक गादी फाटली. गुडघा मध्येच अडकायचा, सरळच होईना. या गादीच्या आतल्या कडेला रक्त पोचत नाही. म्हणून तिथली चीर आपोआप भरत नाही. डॉक्टरांनी लहान भोके पाडून, दुर्बिणीतून पाहून, फाटका तुकडा काढला.

घरी येताना व्यायामाचा कागद मिळाला. तो मी पंचांगात ठेवला आणि खाटेवर पडून राहिलो. सगळे म्हणायचे, "गुरुजी, हलू नका." मलाही ते बरेच वाटले! ३ आठवड्यांनी उठलो तर पाय लटपटला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही मांड्यांना सुतळी लावून पाहिली. दुखरी मांडी २ बोटे कमी भरली. पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू झपाट्याने झिजतो. मग गुडघा सावरणार कोण?

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाढे रोज म्हणून घेत होता ना? तसेच हे."

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची. गुडघ्याने ती दाबायची. ५ आकडे मोजायचे, मग सोडायचे. असे १० वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच अंथरुणावरून हळूहळू आपल्याकडे ओढायची. पहिले चार दिवस डोळ्यांत पाणी आले. थोडे दुखले तरी चालते. पण गुडघा सुजला तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करायचा.

ज्याच्या गादीला टाके घातले असतील, त्याला माझा हिशेब लागू नाही. त्याला उकिडवे बसणे काही महिने बंद. पायावर भार कधी द्यायचा, हे डॉक्टरांनाच विचारावे. आणि पोटरी सुजून दुखू लागली तर तेल चोळत बसू नका. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ताप आला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला ३ महिने लागले. आता ओढ्यापर्यंत काठीशिवाय जातो. परवा पुन्हा सुतळी लावली. अजून अर्ध्या बोटाचा फरक आहे. मांडी घालून बसणे काही जमत नाही. म्हणून एवढे बोलून मी बसतो, पण खुर्चीवर.