नाव पडते कसे?

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्याकडे माणसाला दोन नावे असतात. एक बारशाला ठेवतात. दुसरे पडते. पाळण्यातले नाव लक्ष्मण असते, पण सारा गाव त्याला 'पैलवान' म्हणतो. ते नाव कोणी ठेवले, कधी ठेवले, काही सांगता येत नाही. लष्करातही असेच आहे. सेनापतीला नाव पडते, पलटणीला नाव पडते. ते कसे पडते, यावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आधी एक फरक ध्यानात घ्या. पदवी वेगळी आणि पडलेले नाव वेगळे. पदवी राजा देतो. शिवाजी महाराजांनी कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' केले. हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' केले. शाहू महाराजांनी नागपूरच्या रघूजी भोसल्यांना 'सेनासाहेबसुभा' केले. पदवीबरोबर मान मिळतो, वस्त्रे मिळतात. पडलेल्या नावाबरोबर काही मिळत नाही. ते मागून मिळत नाही, आणि नको म्हणून परतही करता येत नाही.

मग हे नाव ठेवतं तरी कोण? तिघे ठेवतात. आपली माणसे, शत्रू आणि रयत.

पहिल्यांदा आपली माणसे पाहू. 1758 साली राघोबादादांनी लाहोर घेतले. त्यांच्या फौजा पुढे अटकेपर्यंत गेल्या. कुठे पुणे, कुठे अटक! लोक त्यांना 'राघोभरारी' म्हणू लागले. भरारी म्हणजे पाखराची झेप. या मोहिमेने दौलतीवर कर्ज झाले, ते मात्र नावात आले नाही. नाव एकच गोष्ट धरते, बाकीची सोडून देते.

आता पलटणी घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण 1768 साली मुंबईत उभी राहिली. तिला 'जंगी पलटण' म्हणतात. दुसरीला म्हणतात 'काळी पाचवी'. काळी काहून? तिच्या गणवेशाची गळपट्टी आणि बाह्यांची टोके काळी होती, आणि जुना नंबर पाचवा होता. नाव पडले कापडावरून. पण नुसत्या कापडावर नाव टिकत नाही. 1840 साली बलुचिस्तानात काहनच्या किल्ल्यात या पलटणीचे थोडेसे शिपाई वेढ्यात सापडले. उन्हाळा, आजार, दाणापाण्याची टंचाई. तरी कित्येक महिने त्यांनी किल्ला सोडला नाही. मग 'काळी पाचवी' म्हणताना लोकांना गळपट्टी आठवेना, तो वेढा आठवू लागला.

आपल्या वऱ्हाडाचे नावही एका पलटणीला आहे, बरं का. इंग्रज वऱ्हाडाला 'बेरार' म्हणत. त्या नावाची पलटण पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली. 1945 साली त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. तरी दुसऱ्या पलटणीने 'बेरार' हे नाव ठेवले. हिमालयाच्या पायथ्याची पोरे वऱ्हाडचे नाव मिरवतात.

शिपाई आपल्या सेनापतीलाही नाव देतो. फील्ड मार्शल माणेकशॉ यांची गोष्ट सांगतात. एका गुरखा शिपायाला विचारले, तुझ्या साहेबांचे नाव काय? पारशी नाव त्याच्या जिभेवर येईना. तो म्हणाला, 'सॅम बहादूर'. ते नाव कायमचे झाले. सरकारने त्यांना मोठमोठी पदे दिली, पण शिपायाने दिलेले नाव देशाच्या तोंडी राहिले.

दुसरा नाव ठेवणारा शत्रू. याचा दाखला आपल्या अंगणातच आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यात अडगावला लढाई झाली. एका बाजूला भोसले आणि शिंदे, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. आरंभी मराठी तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या काही देशी पलटणी बिथरून मागे पळाल्या. वेलस्ली स्वतः त्यांच्यात घुसला. त्यांना थोपवले, आडोशाला नेले, पुन्हा रांगेत उभे केले आणि लढाई जिंकली. 15 डिसेंबरला त्याने आपल्या अमरावती जिल्ह्यातला गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला.

पुढे हाच वेलस्ली युरोपात नेपोलियनसमोर उभा राहिला. नेपोलियन त्याला हिणवून 'शिपायांचा सेनापती' म्हणे. म्हणजे काय, तर हिंदुस्थानात काळ्या शिपायांच्या जोरावर जिंकलेला, याला खरी लढाई काय ठाऊक! 1815 साली वॉटर्लूवर नेपोलियन हरला. शिवी होती, तिचा दागिना झाला. पण आम्ही म्हणतो, त्या नावात खरेपणही होते. अडगावला ते शिपाई पुन्हा उभे राहिले नसते, तर वेलस्लीचे नाव कोणी घेतले असते?

तिसरा नाव ठेवणारा म्हणजे रयत. तो सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याला कोणी विचारत नाही.

आपल्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. बारगीर हा साधा, सरळ शब्द. 1742 पासून नागपूरच्या भोसल्यांच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या. 1751 पर्यंत हे चालले. चौथाई वसूल करायची म्हणून गावे लुटली, पिके जाळली, निरपराध माणसे मारली. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणला. त्याला 'मराठा खंदक' हेच नाव पडले. आणि बंगाली रयतेने आपल्या बारगिराचे केले 'बर्गी'. तिथल्या आया रडते मूल झोपवताना बर्गी आले म्हणून गाऊ लागल्या. अडीचशेहून जास्त वर्षे झाली. फौज गेली, राज्य गेले, तरी ते गाणे गेले नाही.

हे ऐकून वाईट वाटते. वाटू द्या. रघूजींची 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आज अभ्यास करणाऱ्यालाच माहीत. 'बर्गी' मात्र बंगालच्या पोरासोरांना माहीत. राजाने दिलेले नाव दप्तरात राहिले. रयतेने दिलेले नाव पाळण्यात राहिले.

मंडळी, आता तुम्हाला अक्षर आले आहे. तुम्ही इतिहासाची पुस्तके वाचाल. त्यांत वाघ भेटतील, सिंह भेटतील, बहादूर भेटतील. वाचून खूश व्हा. पण तिथेच थांबू नका. हे नाव कोणी ठेवले, ते विचारा. बरोबरच्या शिपायाने ठेवले, की समोरच्या शत्रूने? आणि ज्यांच्या उभ्या जवारीतून ही फौज गेली, त्या गावकऱ्यांनी तिला काय नाव ठेवले होते? पुस्तकात ते सापडले नाही, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि सांगतील ते आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा.