जुन्या रिळांचे राखणदार



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला हॉलिवूडच्या जुन्या प्रेमपटांच्या रिळांचा विषय आणून बसवणे कोणाला धारिष्ट्याचे वाटेल. जुनी नाणी जमवणारा आपल्या दृष्टीने व्यासंगी, पोथ्या जमवणारा पंडित; पण गंजक्या डब्यांतून ग्रेटा गार्बो आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो जपून ठेवणारा मात्र केवळ छांदिष्ट! आमचे म्हणणे एवढेच, की या छांदिष्टाचे आपणा सर्वांवर काही ऋण आहे, आणि त्याच्या अंगावरही काही देणे आहे. हे दोन्ही हिशेब आपल्यापुढे मांडावेत म्हणून आम्ही उभे आहोत.

आधी मूळ वस्तू समजून घेऊ. चित्रपट म्हणजे पडद्यावरची हलती छाया, असे आपण म्हणतो. पण त्या छायेला एक देह असतो. थिएटरातली ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते. शंभर मिनिटांच्या बोलपटाला अशी ९,००० फूट पट्टी लागते. तोच चित्रपट १६ मिलिमीटरच्या पट्टीवर उतरवला, तर ३,६०० फुटांत बसतो. ही लहान पट्टी १९२३ साली निघाली, ती घरांसाठी आणि शाळांसाठी. फरक केवळ रुंदीचा नव्हता. थिएटरातली पट्टी साधारण १९५० पर्यंत नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाच्या जातकुळीची असे. ती पेटली की जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच निर्माण करते. पाण्यात बुडवली तरी विझत नाही. न पेटली, तरी काळ तिला सोडत नाही. चित्र फिके पडते, पट्टी चिकट होते, आणि अखेर डब्यात तपकिरी भुकटी उरते. १६ मिलिमीटरची पट्टी मात्र पहिल्यापासून सहसा न भडकणारी, म्हणून घरात ठेवण्याजोगी. खाजगी संग्राहकाचा पंथ वाढला तो मुख्यतः या लहान पट्टीच्या आधाराने.

आता कोणी विचारील, की ज्या कंपन्यांनी लाखो डॉलर ओतून हे चित्रपट काढले, त्यांनी ते जपले नाहीत काय? श्रोतेहो, व्यापाऱ्याला माल विकला जाईपर्यंतच त्याची माया. गावोगावचे खेळ संपले की प्रती परत मागवायच्या आणि नष्ट करायच्या, अशी त्या धंद्याची रीत होती. पट्टीच्या लेपात चांदी असते; ती काढून घेतली की दोन पैसे तरी सुटत. १९२७ नंतर पडदा बोलू लागला आणि मूकपटांना कवडीचीही किंमत उरली नाही. त्यात आगीची भर पडली. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीच्या कोठाराला आग लागली आणि त्या कंपनीच्या मूकपटांचा बहुतेक साठा राख झाला. याच कंपनीसाठी फ्रँक बोर्झेगी या दिग्दर्शकाने प्रीतीची कोवळी, उदात्त चित्रे काढली होती. त्याचा १९२७ चा ‘सेव्हन्थ हेवन’ सुदैवाने आज पाहता येतो. जेनेट गेनरला अभिनयाचे पहिले ऑस्कर ज्या तीन चित्रपटांबद्दल मिळाले, त्यांतला तो एक. पण त्याचाच १९२९ चा ‘द रिव्हर’ मात्र तुटक अवस्थेतच पाहावा लागतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली हिशेब प्रसिद्ध केला. १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे ११,००० मोठे मूकपट निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात पुरे उरलेले अवघे १४ टक्के! एखाद्या भाषेतील शंभर ग्रंथांपैकी शहाऐंशी नाहीसे झाले अथवा खंडित उरले, असे समजा, म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानी येईल.

या पडझडीत छांदिष्ट माणूस काय करतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. १९२२ साली सॅम वुड या दिग्दर्शकाने ‘बियाँड द रॉक्स’ हा प्रेमपट काढला. एलिनॉर ग्लिनची कादंबरी, ग्लोरिया स्वॉन्सन नायिका आणि व्हॅलेंटिनो नायक. दोघे एकत्र आले ते या एकाच चित्रपटात. पुढे हा चित्रपट असा हरवला, की स्वॉन्सन १९८३ साली वारली तेव्हाही त्याचा पत्ता नव्हता. मग हॉलंडमधील हार्लेम गावचा एक संग्राहक निवर्तला. त्याच्या मागे सुमारे दोन हजार डबे राहिले. ते अॅमस्टरडॅमच्या चित्रपट-संग्रहालयाकडे आले. तिथली मंडळी एकेक डबा उघडत गेली, आणि २००३ च्या सुमारास त्या ढिगातून ‘बियाँड द रॉक्स’ची रिळे विखुरलेली सापडली. दुरुस्ती होऊन २००५ साली तो पुन्हा लोकांपुढे आला. जे कंपनीला जमले नाही, ते परदेशातल्या एका एकांड्या माणसाच्या हव्यासाने केले.

बोलपटांच्या बाबतीत संग्राहकाला दूरचित्रवाणी पावली. १९५६ साली वॉर्नर ब्रदर्सने १९५० पूर्वीच्या आपल्या चित्रपटांचा साठा विकून टाकला. त्यात १९४२ चा ‘कॅसाब्लांका’ही होता. असे चित्रपट घरोघरच्या संचांवर दाखवण्यासाठी केंद्राकेंद्राला १६ मिलिमीटरच्या प्रती गेल्या. पुढे चित्रफिती आल्या आणि ही रिळे अडगळ ठरली. ज्याला माया होती त्याने ती उचलली. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे विल्यम एव्हरसन आपल्या संग्रहातली रिळे वर्गात नेऊन दाखवत. कितीतरी विद्यार्थ्यांनी जुने हॉलिवूड असे पाहिले.

संग्राहकाची पारखही रत्नपारख्यासारखी असते. पट्टीच्या कडेला ती नायट्रेटची की सुरक्षित, हे छापलेले असते. कोडॅकच्या पट्टीवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात. त्यांवरून पट्टी कोणत्या साली तयार झाली, ते ताडता येते. चित्रपट आधीचा आणि पट्टी नंतरची, तर ती मागाहून काढलेली प्रत, हे उघड झाले. रंगीत प्रतीची परीक्षा निराळी. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत रंग छापखान्यातल्यासारखे एकावर एक उमटवीत. ते आजही ताजे दिसतात. अमेरिकेत ही पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यावर बंद पडली. १९५० साली आलेला ईस्टमनकलर स्वस्त आणि सोयीचा, पण कच्च्या रंगाच्या लुगड्यासारखा. केरी ग्रँट आणि डेबोरा कर यांचा १९५७ चा ‘अॅन अफेअर टू रिमेंबर’ याच जातीच्या पट्टीवर निघाला; तसल्या जुन्या प्रतींत निळे आणि हिरवे रंग उडून गुलाबी छटाच तेवढी राहते. आणि शेवटची परीक्षा नाकाची. सुरक्षित म्हणवणारी पट्टीही कुजू लागली की शिरक्याचा आंबूस वास येतो. अशी पट्टी शेजारच्या रिळांनाही बाधते, म्हणून तिला ताबडतोब वेगळे ठेवावे लागते.

इथवर गुणगान झाले. आता दुसरी बाजू. कंपन्या म्हणत, आम्ही प्रती विकल्याच नव्हत्या, भाड्याने दिल्या होत्या. मग तुमच्या घरी आल्या कशा? प्रश्न बिनतोड होता. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांनी रॉडी मॅकडॉवल या नामांकित नटाच्या घरावर छापा घालून त्याचा संग्रह उचलून नेला. त्याच्यावर खटला झाला नाही. पण संग्राहकांच्या गोटात असा धसका बसला, की पुष्कळांनी आपले डबे लपवले. आम्ही चोरीचे समर्थन करीत नाही. पण कथेवरचा हक्क आणि त्या पट्टीचे आयुष्य या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. हक्क कागदावर राहतो, पट्टी कुजून जाते. उलट हक्क संपला म्हणजे पट्टीचे भले होते, असेही नाही. मघाच्या ‘अॅन अफेअर टू रिमेंबर’ची मूळ आवृत्ती म्हणजे त्याच लिओ मॅक्केरीचा १९३९ चा ‘लव्ह अफेअर’. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे २८ वर्षांनी हक्काचे नूतनीकरण करावे लागे. ते झाले नाही. चित्रपट सर्वांचा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाही, आणि वर्षानुवर्षे लोकांना त्याच्या धूसर, ओरखड्यांनी भरलेल्या नकलाच पाहाव्या लागल्या.

आणि संग्राहकाचे देणे ते हेच. तो मालक नव्हे, राखणदार आहे. ज्याला पट्टी सापडली, त्याने ती आहे हे सांगितले पाहिजे. मनातल्या मनात ठेवलेली रिळे आणि जळालेली रिळे यांत रसिकाच्या दृष्टीने काय अंतर? हार्लेमचे डबे संग्रहालयाच्या दारी पोचले, हे आपले नशीब. वारसांनी भंगारवाल्याला दिले असते, तर आज हे उदाहरण द्यायला आम्हाला मिळाले नसते.

कोणी म्हणेल, आता सर्व काही घरबसल्या लहानशा यंत्रावर दिसते. या अवजड पट्टीचे प्रयोजन काय? प्रयोजन हे, की ते दिसणारे चित्र कोणत्या ना कोणत्या पट्टीवरूनच उतरवलेले असते. पट्टी चांगली, तर चित्र चांगले. उद्या याहून उत्तम यंत्र निघाले की पुन्हा मूळ पट्टीकडेच धाव घ्यावी लागेल. शिवाय संगणकातली नक्कल दर काही वर्षांनी नव्या साधनावर हलवावी लागते. थंड, कोरड्या खोलीत ठेवलेली चांगली पट्टी पिढ्यानुपिढ्या निमूटपणे टिकते.

हा परक्यांचा प्रश्न आहे, असेही कोणी मानू नये. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आपले उभे आयुष्य त्यात ओतले. डबा मिळेल तिथून आणायचा, तो देशी की विदेशी, भक्तिपट की प्रेमपट, हे मागाहून पाहायचे, अशी त्यांची वृत्ती. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या रिळांना आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा गेला. लिटल फेरी आणि पुणे यांत सागराचे अंतर आहे. राखेचा रंग एकच.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. घरच्या माळ्यावर, बंद पडलेल्या चित्रगृहाच्या कोपऱ्यात, एखाद्या जुन्या क्लबाच्या कपाटात गोल डबा दिसला, तर तो भंगारात घालू नका आणि स्वतः यंत्रावर चढवण्याची घाईही करू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि ज्यांच्यापाशी संग्रह आहे त्यांनी, हयात असतानाच, तो पुढे कोणाच्या हाती जायचा हे लिहून ठेवावे. पडद्यावरचे प्रेमिक शेवटच्या रिळात एकत्र आले की आपण सुखावून घरी जातो; ते शेवटचे रीळच नाहीसे झाले, तर त्यांची ताटातूट कायमची. ती टाळणे आपल्या हाती आहे.