बशीतला आजार



"तुझं काम सोप्या भाषेत सांग, आणि दहा मिनिटांत," असं संयोजकांनी बजावलंय. बघते जमतंय का.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे एसएमए, हे नाव तुम्ही १६ कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्यांत वाचलं असेल. एसएमएन१ हे जनुक बिघडलेलं असतं, त्याचं प्रथिन पुरेसं बनत नाही आणि स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जातात. आईवडील बहुधा दोघंही ठणठणीत, फक्त दोघांकडे एकेक सदोष प्रत. मग प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक.

पंचाईत अशी, की जिवंत मुलाच्या मज्जारज्जूतून पेशी काढून बघता येत नाही. मृत्यूनंतर तपासायचं म्हणजे आग विझल्यावर राख चिवडणं.

२००६ साली जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, बनवलं. २००७ मध्ये माणसाच्या पेशींना. (बाई, एकदा त्वचेची झालेली पेशी मागे फिरत नाही, असं तुम्ही शिकवलं होतंत. पुस्तकात तसंच होतं!) या मूळपेशी फार लाडावलेल्या. दिवाळीतही त्यांचं खाणं बदलायला प्रयोगशाळेत जावं लागतं.

२००९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ॲलिसन एबर्ट, क्लाइव्ह स्वेंडसन आणि सहकाऱ्यांनी एसएमए झालेल्या एका मुलाच्या आणि त्याच्या निरोगी आईच्या त्वचेपासून मूळपेशी केल्या, आणि त्यांपासून चेतापेशी. तुलनेला आईच घेतली, हे मला फार आवडतं. सुरुवातीला दोघांच्या चेतापेशी सारख्याच. काही आठवड्यांनी मुलाच्या कमी, आणि आकारानं लहान. म्हणजे त्या तयार होतात आणि मग खंगतात. औषध पोचायला मध्ये थोडा वेळ असतो. आज जी औषधं आहेत, तीही लक्षणं दिसण्याआधी दिली तर जास्त उपयोगी पडतात.

"मग या पेशी माझ्या बाळाला कधी टोचणार?" असं एका आईनं मला विचारलं होतं. "नाही, या फक्त अभ्यासासाठी," हे सांगणं सोपं नव्हतं. पण आपल्या ग्रुपवरही 'स्टेम सेलने हमखास बरे' असे नंबर फिरतात, म्हणून इथेही सांगते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक आजारांतलं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सारं केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा आणि मला लावा. माझा नंबर ग्रुपवर आहेच.